‘मी नाही केलं’ म्हटल्याचे दहा महिने

फौजदारी खटल्यात सरकार पक्षाचे साक्षीदार तपासून झाले की आरोपीच्या जबाबाची तारीख लागते. वकील मंडळी त्याला अजून ‘तीनशे तेराचा जबाब’च म्हणतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ३५१ झालं, पण जिभेचं वळण बदललेलं नाही. पाण्याची मोटार चोरल्याच्या एका खटल्यात मी आरोपीच्या बाजूने उभा होतो. साठी उलटलेला शेतकरी, सगळे त्याला तात्या म्हणायचे. न्यायाधीश एकेक प्रश्न वाचत होते. साक्षीदार क्रमांक दोन म्हणतो की त्या रात्री त्याने तुम्हाला विहिरीपाशी पाहिलं, याबाबत तुमचं काय म्हणणं आहे? ‘खोटं आहे.’ पंचांसमक्ष तुमच्या गोठ्यातून मोटार जप्त झाली, याबाबत? ‘खोटं आहे.’ प्रत्येक उत्तरागणिक कागदावर तेच दोन शब्द उमटत होते. शेवटी ठरलेला प्रश्न आला : तुम्हाला शपथेवर साक्ष द्यायची आहे का?

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आदल्या दिवशीच त्यांना बजावलं होतं, ‘तात्या, पिंजऱ्यात चढू नका. उलटतपासात अडकाल.’ त्यांनी ‘नाही’ म्हणून सांगितलं, अंगठा दिला, आणि पुढच्या महिन्यात त्यांना शिक्षा झाली. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना ते एवढंच म्हणाले, ‘वकीलसाहेब, मला एकदा बोलू द्यायला पायजे हुतं.’

ती मोटार त्यांनी चोरली होती की नाही, मला आजही सांगता येणार नाही. पण आपली हकिगत आपल्या तोंडाने, समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगायची माणसाला किती भूक असते, ते मी त्या पायऱ्यांवर शिकलो. म्हणूनच अमेरिकेतल्या एका नियमाबद्दल लिहायला बसलो आहे. तिथल्या फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायालयांत आरोपीने शपथेवर साक्ष दिली, ज्युरीने, म्हणजे बारा सामान्य नागरिकांच्या मंडळाने, त्याला दोषी ठरवलं आणि तो पिंजऱ्यात खोटं बोलला असं न्यायाधीशाचं मत झालं, तर मूळ गुन्ह्याची शिक्षाच वाढते. खोट्या साक्षीचं वेगळं आरोपपत्र नाही, वेगळा खटला नाही. त्याच निकालात, त्याच न्यायाधीशाच्या हातून तुरुंगातला मुक्काम लांबतो.

हा नियम चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे. पण तो पहिल्या फटक्यात बहुतेकांना पटतो, आणि तसं का होतं हे आधी समजून घ्यायला हवं. आपल्याकडे म्हण आहे, चोर तो चोर वर शिरजोर. गुन्हा केला, वर देवाची शपथ घेऊन बारा जणांसमोर धडधडीत खोटं सांगितलं. अशा माणसाला गप्प राहिलेल्या गुन्हेगाराइतकीच शिक्षा का, हा प्रश्न रास्तच आहे. शपथेला काही वजन राहिलं नाही तर न्यायालयाचा सगळा डोलाराच कोसळेल, हेही खरं. या बाजूने बोलणारी माणसं क्रूर नाहीत. खोट्या साक्षीने वाहून गेलेले खटले पाहून ती वैतागलेली आहेत, आणि तो वैताग माझ्याही वाट्याला पुष्कळ आलेला आहे.

या नियमाची मुळं एका पळून गेलेल्या कैद्याच्या खटल्यात आहेत. ग्रेसन नावाचा हा कैदी १९७५ च्या ऑक्टोबरात फेडरल तुरुंगछावणीतून पळाला आणि दोन दिवसांत न्यूयॉर्कमध्ये सापडला. पळून जाण्याबद्दल त्याच्यावर खटला चालला तेव्हा त्याने शपथेवर सांगितलं की दुसरा एक कैदी खिळा ठोकलेलं दांडकं घेऊन अंगावर आला होता, जीव वाचवायला मी पळालो. ज्युरीला ते पटलं नाही. शिक्षा सुनावताना न्यायाधीशांनी मोकळेपणाने सांगितलं की आपण दोन कारणांनी ही शिक्षा देत आहोत. एक, इतर कैद्यांना पळून जायचं धाडस होऊ नये म्हणून. आणि दुसरं, तुझा बचाव म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत रचलेली गोष्ट होती म्हणून. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी हे योग्य ठरवलं. सरन्यायाधीश बर्गर यांचं म्हणणं असं की माणूस सुधारण्याची शक्यता किती हे तोलताना तो शपथेवर खोटं बोलला ही गोष्ट न्यायाधीशाने नजरेआड का करावी? शिवाय साक्ष देण्याचा हक्क आहे तो खरी साक्ष देण्याचा. खोटी साक्ष देण्याचा हक्क कुणालाच नाही.

तोवर ही निदान एकेका न्यायाधीशाच्या मनातली गोष्ट होती. १ नोव्हेंबर १९८७ पासून फेडरल न्यायालयांत शिक्षेचं कोष्टक लागू झालं आणि तिला आकडा मिळाला. या कोष्टकात उभ्या ४३ पातळ्या आहेत आणि आडवे, आरोपीच्या पूर्वेतिहासाप्रमाणे, सहा रकाने. गुन्हा कोणता, माल किती, हत्यार होतं का, अशा बाबींवरून पातळी ठरते आणि तिच्यासमोर महिने लिहिलेले असतात. न्यायदानात अडथळा आणला तर दोन पातळ्या वाढतात, आणि शपथेवरची खोटी साक्ष त्या अडथळ्यातच धरली जाते.

दोन पातळ्या ऐकायला किरकोळ वाटतात. प्रत्यक्षात काय होतं ते पाहू. पूर्वी शिक्षा न झालेला एक माणूस घ्या, ज्याच्या गुन्ह्याची पातळी २२ आहे. कोष्टक त्याला ४१ ते ५१ महिने दाखवतं. त्याने खटला लढवला पण तोंड उघडलं नाही, तर एवढंच. त्याने गुन्हा कबूल केला तर जबाबदारी स्वीकारल्याबद्दल तीन पातळ्यांपर्यंत सूट मिळू शकते. मग ३० ते ३७ महिने. आणि तो शपथेवर ‘मी नाही केलं’ म्हणाला, ज्युरीला पटलं नाही आणि न्यायाधीशांनी वाढ लावली, तर पातळी २४ होते, म्हणजे ५१ ते ६३ महिने. गप्प राहणारा आणि बोलणारा यांच्यात किमान शिक्षेतच दहा महिन्यांचा फरक पडतो. कबूल करणारा आणि बोलणारा यांच्यात एकवीस महिन्यांचा. २००५ पासून हे कोष्टक न्यायाधीशांवर बंधनकारक राहिलेलं नाही, पण शिक्षेचा हिशोब आजही तिथूनच सुरू होतो.

गुन्हा तोच, माल तोच, माणूसही तोच. बदलली ती फक्त पिंजऱ्यात चढण्याची गोष्ट.

या वाढीला सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं ते डनिगन खटल्यात, फेब्रुवारी १९९३ मध्ये. वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्स्टन शहरात डनिगन नावाच्या एका स्त्रीवर कोकेन विकण्याच्या कटाचा आरोप होता. सरकार पक्षाने पाच साक्षीदार उभे केले. तिने शपथेवर सगळं नाकारलं. त्यावर सरकारने आणखी एक साक्षीदार आणला, ज्याने तिच्याकडून माल घेतल्याचं सांगितलं. ज्युरीने तिला दोषी ठरवलं, न्यायाधीशांनी दोन पातळ्या वाढवल्या आणि ५१ महिन्यांची शिक्षा दिली. वरच्या अपील न्यायालयाने ही वाढ रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने अपील न्यायालयाचा तो निर्णय फिरवला. निकालपत्र न्यायमूर्ती केनेडी यांचं. गुन्हा करून वर खोट्या साक्षीने जबाबदारी झटकू पाहणारा माणूस समाजाला जास्त धोकादायक आहे असं मानणं योग्यच, असं त्यांनी म्हटलं.

केनेडींनी एक काळजी घेतली होती, ती सांगायलाच हवी. दोषी ठरलेल्या प्रत्येक आरोपीची साक्ष आपोआप खोटी धरायची नाही. माणूस गोंधळतो, चुकतो, विसरतो. म्हणून न्यायाधीशाने पुरावा स्वतः तपासावा आणि तीन गोष्टी आढळल्या तरच वाढ लावावी : सांगितलेलं खोटं आहे, ते महत्त्वाच्या मुद्द्यावर आहे आणि ते जाणूनबुजून सांगितलं आहे.

वाचताना वाटतं की संरक्षण पुरेसं आहे. पण हीच चाळणी ‘मी नाही केलं’ या साध्या वाक्याला लावून बघा. ज्युरीने ‘केलं’ म्हटलं, म्हणजे नकार खोटा. गुन्हा केला की नाही यापेक्षा खटल्यात महत्त्वाचा मुद्दा कोणता? आणि आपण कोकेन विकलं की नाही हे कुणी विसरत नाही, म्हणजे जाणूनबुजून. तिन्ही अटी दोषी या एकाच शब्दातून परस्पर पुऱ्या होतात. तपासायला काही उरतच नाही. ही चाळणी कामाला येते ती आजूबाजूच्या तपशिलांत, म्हणजे तारीख चुकली, गाडीचा रंग चुकला, कोण आधी बोललं ते आठवेना, अशा ठिकाणी. जो माणूस सरळ, पूर्ण नकार देतो त्याच्यासाठी तिला तळच नाही. आणि निरपराध माणूस दुसरं काय सांगणार? त्याच्याजवळ सांगण्यासारखं तेवढं एकच वाक्य असतं.

माझा मुख्य आक्षेप हाच आहे. हा नियम खोटं बोलणाऱ्याला शिक्षा करत नाही. ज्याच्यावर विश्वास बसला नाही त्याला शिक्षा करतो. बहुतेक वेळा ही दोन्ही एकच माणसं असतील, हे मला मान्य आहे. पण जिथे नसतात तिथे काय होतं ते पाहायला डनिगन निकालाच्याच वर्षी सुटलेल्या दुसऱ्या एका माणसाकडे वळावं लागेल.

मेरिलँडमध्ये १९८४ साली नऊ वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. कर्क ब्लड्सवर्थ नावाच्या, खेकडे पकडून पोट भरणाऱ्या, पूर्वी मरीन दलात नोकरी केलेल्या तरुणाला अटक झाली. त्याला मुलीसोबत किंवा त्या जागेजवळ पाहिल्याचं सांगणारे पाच साक्षीदार उभे राहिले. तो म्हणत होता, मी नव्हे. १९८५ मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली. सरकार पक्षाने काही पुरावा दडवल्यामुळे अपिलात नव्याने खटला चालला, पुन्हा तो दोषी ठरला आणि जन्मठेपा मिळाल्या. तो म्हणतच राहिला, मी नव्हे. जून १९९३ मध्ये, डनिगन निकालानंतर चार महिन्यांनी, डीएनए तपासणीने सिद्ध झालं की तो खरंच नव्हता. फाशी सुनावली गेल्यावर डीएनएमुळे निर्दोष ठरलेला तो अमेरिकेतला पहिला माणूस. खरा गुन्हेगार सापडायला २००३ उजाडावं लागलं. तो दुसऱ्या गुन्ह्यासाठी त्याच तुरुंगात होता, ब्लड्सवर्थच्या खालच्या मजल्यावर.

त्याचा खटला राज्याच्या न्यायालयातला होता. दोन पातळ्यांचं कोष्टक त्याला लागलं नव्हतं आणि फाशीवर आणखी काय वाढवणार? पण त्याचा नकार आणि डनिगनचा नकार शेजारी शेजारी ठेवून पाहा. तिथेही पाच साक्षीदार, इथेही पाच. दोन्ही ज्युऱ्या प्रामाणिक. नकाराचे शब्दही तेच. बाहेरून पाहणाऱ्याला या दोन नकारांत फरक करायला कुठलंही साधन नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपण चटकन वापरतो. या नियमात संन्याशाला ‘मी चोर नाही’ म्हणाल्याबद्दलही वेगळी शिक्षा आहे.

कुणी म्हणेल, निरपराध माणसं दोषी ठरतात हा दोषसिद्धीचा दोष, त्याचं खापर या नियमावर का? चूक होऊ शकते म्हणून शिक्षा देणंच थांबवायचं का? नाही. चूक होऊ शकते हे ठाऊक असूनही न्यायालयं निकाल देतात, कारण त्यावाचून चालत नाही. पण मूळ शिक्षेवर ही जादा शिक्षा चढवण्यावाचून चालतं. तिची गरज काय, ते नियमाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी दाखवायला हवं. आणि ती देण्याची रीत पाहिली की माझा आक्षेप आणखी वाढतो.

खोटी साक्ष हा अमेरिकेत स्वतंत्र गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. तो शाबीत करायचा तर आरोपपत्र हवं, ज्युरी हवी, संशयापलीकडचा पुरावा हवा. या गुन्ह्याबाबत तिथली न्यायालयं किती काटेकोर असतात याचा नमुना १९७३ चा. सॅम्युएल ब्रॉन्स्टन या चित्रपट निर्मात्याची कंपनी दिवाळखोरीत गेली होती आणि धनकोंचे वकील त्याला शपथेवर प्रश्न विचारत होते. तुमची स्विस बँकेत खाती आहेत का? नाही. पूर्वी कधी होती का? तो म्हणाला, कंपनीचं एक खातं झुरिकला सहाएक महिने होतं. हे खरं होतं. फक्त त्याचं स्वतःचं खातं जिनिव्हात जवळजवळ पाच वर्षं होतं, हे त्याने सांगितलं नाही. ज्युरीने त्याला दोषी धरलं. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सोडलं. उत्तर फसवं असेल, पण शब्दशः खरं आहे. नीट प्रश्न विचारून पेचात पकडणं हे वकिलाचं काम होतं, असं न्यायालयाने म्हटलं.

मला तो निकाल पटतो. गुन्हा म्हणायचा तर इतकंच काटेकोर असायला हवं. पण मग ती काळजी डनिगनच्या वेळी कुठे गेली? तिच्या खोट्या साक्षीबद्दल आरोपपत्र नव्हतं. ज्युरीला तो प्रश्न विचारलाच नव्हता. संशयापलीकडचा पुरावा लागत नाही. शिक्षेच्या सुनावणीत पारडं थोडं एका बाजूला झुकलं तरी पुरतं. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये स्थायिक होऊन नागरिक झालेल्या आपल्या माणसांना ज्युरीचं बोलावणं येतं. उद्या तुम्ही त्या बारांत बसलात आणि अमली पदार्थ विकल्याबद्दल कुणाला दोषी म्हणालात, तर तुमच्या त्या एका शब्दाचा दुसऱ्या गुन्ह्यासाठीही उपयोग होईल. तुम्हाला त्याबद्दल कुणी विचारणार नाही, आणि बहुधा कुणी सांगणारही नाही.

ग्रेसन निकालात भिन्न मत देणारे न्यायमूर्ती स्टुअर्ट यांनी ही भीती तेव्हाच बोलून दाखवली होती : न चालवलेल्या खटल्याची ही शिक्षा आहे, आणि तिचा भार साक्ष द्यायला पुढे येणाऱ्या प्रत्येक आरोपीवर पडणार आहे. खोटारड्यावर पडेल ते ठीक, पण खरं सांगू पाहणाऱ्यालाही वकील आधी कोष्टक उघडून दाखवणार. ‘बोललास आणि पटलं नाही, तर एवढे महिने जास्त.’ मी तात्यांना उलटतपासाची भीती घातली होती. तिथल्या वकिलाच्या हातात त्याहून मोठी भीती आहे, आणि ती घालणं त्याचं कर्तव्यच ठरतं.

आरोपीला बोलता यावं यासाठी किती काळ झगडावं लागलं हे आठवलं की याचं जास्त वाईट वाटतं. जुन्या इंग्रजी कायद्यात आरोपीला स्वतःच्या खटल्यात शपथेवर साक्ष देताच येत नसे. ज्याचा जीव पणाला लागला आहे तो खोटंच बोलणार, मग त्याला शपथ देऊन पापात का लोटा, अशी समजूत. अमेरिकेत मेन राज्याने १८६४ मध्ये पहिल्यांदा ही बंदी उठवली, फेडरल न्यायालयांत ती १८७८ मध्ये गेली, इंग्लंडमध्ये १८९८ मध्ये. जॉर्जिया राज्यात ती १९६० च्या दशकापर्यंत टिकून होती. आपल्याकडे आरोपीला स्वतःच्या बाजूने शपथेवर साक्ष देता येऊ लागली ती १९५५ च्या दुरुस्तीने. म्हणजे आरोपी खोटं बोलेल हे जाणूनच, ते गृहीत धरूनच, कायद्याने त्याला तोंड उघडू दिलं. त्या तोंडावर नंतर किंमत लिहायची हे त्या सुधारणेच्या उलट्या दिशेने जाणं आहे.

आणि ही शपथेची इभ्रत सगळ्यांसाठी सारखी राखली जाते असंही नाही. न्यूयॉर्क शहराच्या पोलीस दलातल्या भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या मोलेन आयोगाने १९९४ च्या अहवालात पोलिसांच्या खोट्या साक्षींबद्दल लिहिलं. झडती बेकायदा होती हे लपवायला शपथेवर वेगळीच हकिगत सांगायची, ही पद्धत काही ठिकाणी इतकी रुळली होती की पोलिसांतच तिला ‘टेस्टिलाइंग’ असं नाव पडलं होतं, साक्ष आणि खोटं या दोन इंग्रजी शब्दांची सांगड घालून. त्या खोट्यावर दोन पातळ्या चढत नाहीत, कारण साक्ष देणारा पोलीस शिक्षेसाठी उभाच नसतो. त्याच्यावर कारवाई करायची तर रीतसर वेगळा खटला भरावा लागतो. मग जी रीत पोलिसाला लागू, ती आरोपीला का नाही?

आपल्याकडे सगळं ठीक आहे असं मी म्हणत नाही. आपली दुखणी वेगळी आहेत. कलम ३५१ च्या जबाबात आरोपीला शपथ नसते आणि खोटं उत्तर दिलं म्हणून तो शिक्षेला पात्र होत नाही, हे कलमातच लिहिलं आहे. तो शपथेवर बोलला आणि खोटं बोलला, तर न्याय संहितेचं कलम २२९ आहे, सात वर्षांपर्यंत कैद. पण त्यासाठी न्यायालयाने आधी ठरवावं लागतं की ही कारवाई न्यायाच्या हिताची आहे, मग दंडाधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी लागते, आणि खटला सामान्यतः दुसऱ्याच्या पुढे चालतो. हा रस्ता इतका लांब आहे की कुणी सहसा धरत नाही, आणि साक्षीदार राजरोस फितूर होतात. बेस्ट बेकरी खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य साक्षीदाराला न्यायालयाच्या अवमानाबद्दल एक वर्षाची साधी कैद दिली, ती गोष्ट अपवाद म्हणूनच लक्षात राहिली. खोट्या साक्षीकडे कानाडोळा करण्याची आपली सवय लाजिरवाणी आहे.

पण आरोपीच्या खोट्याला किती वजन द्यायचं याबाबत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एक गोष्ट नेमकी पकडली, आणि तीही पुण्यातून वर गेलेल्या खटल्यात. शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९८४. पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशी दिली होती, उच्च न्यायालयाने ती कायम केली होती. सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सोडलं आणि परिस्थितिजन्य पुराव्याची पाच सूत्रं सांगितली, ज्यांना न्यायालयाने पंचशील म्हटलं. त्याच निकालात असंही सांगितलं की आरोपीचा बचाव खोटा निघाला, तर ती साखळीतली जादा कडी होऊ शकते, पण बाकीच्या कड्या आधीच पक्क्या असतील तरच. तुटलेल्या साखळीला खोट्या बचावाची कडी जोडून ती पुरी करता येत नाही. आरोपी खोटं बोलतो यामागे अपराधच असतो असं नाही. घाबरलेला माणूस खोटं बोलतो. बायकोपासून काही लपवणारा बोलतो. पोलिसांना काय ऐकायचं आहे याचा अंदाज घेऊन बोलणाराही असतो. जिल्हा न्यायालयात काम करणाऱ्या कुठल्याही वकिलाला हे माहीत आहे.

ही समज आपल्याकडेही कायम टिकेल याची मला खात्री नाही. फौजदारी न्यायव्यवस्थेत सुधारणा सुचवण्यासाठी नेमलेल्या मळीमठ समितीने २००३ मध्ये आरोपीला न्यायालयाने मोकळेपणी प्रश्न विचारावेत आणि तो गप्प राहिला तर त्यावरून त्याच्याविरुद्ध अनुमान काढता यावं, अशी शिफारस केली होती. ती अंमलात आली नाही. पण खटले कोसळतात, लोक चिडतात, आणि चिडलेल्या लोकांना आरोपीवर बोजा टाकणारा उपाय नेहमीच जवळचा वाटतो. उद्या कुणी अमेरिकेचं कोष्टक पुढे करून म्हणेल की बघा, तिथे कसे दोन पातळ्यांत सरळ करतात. तेव्हा वर दिलेला महिन्यांचा हिशोब समोर ठेवावा.

मग खरोखर रेटून खोटं बोलणाऱ्या आरोपीचं काय करायचं? हा प्रश्न मला टाळायचा नाही, कारण असे आरोपी मी पाहिले आहेत. एकाने शपथेवर स्वतःच्या पुतण्याचं नाव घेतलं, खोटी पावती पुढे केली, आणि तो पोरगा आठ महिने पोलीस ठाण्याच्या चकरा मारत राहिला. त्या आरोपीला काही होऊ नये असं मला अजिबात वाटत नाही. पण त्याने केलं ते ‘मी नाही केलं’ या वाक्याच्या पलीकडचं होतं. त्याने नवा पुरावा बनवला आणि तिसऱ्या माणसाला खड्ड्यात ढकललं. हे दोन्ही वेगळे गुन्हे आहेत, त्यांचे वेगळे बळी आहेत, आणि ते वेगळे सिद्ध करता येतात. पावती खोटी आहे हे छापखान्यातल्या माणसाने येऊन सांगितलं होतं. मूळ खटल्याच्या निकालावर ते अवलंबून नव्हतं.

माझी मागणी तेवढीच आहे. नुसत्या नकाराला, तो शपथेवर असो वा नसो, शिक्षेच्या हिशोबात घेऊ नये. नकाराच्या पुढे जाऊन कुणी पुरावा रचला, साक्षीदार पढवला, दुसऱ्याला गोवलं, तर त्याच्यावर रीतसर आरोप ठेवावा, दुसऱ्या न्यायाधीशासमोर चालवावा आणि मूळ निकालाच्या आधाराशिवाय शाबीत करावा. शाबीत झालं तर शिक्षा द्यावी, हवी तेवढी कडक द्यावी. आणि हे करायला सरकार पक्षाकडे वेळ नसेल, माणसं नसतील, तर त्या अडचणीचे महिने आरोपीच्या नावावर लिहू नयेत.

त्या पुतण्याच्या प्रकरणात मी तसा अर्ज दिला होता, पुतण्याच्या वतीने. प्राथमिक चौकशी झाली आणि तक्रार दंडाधिकाऱ्यांकडे गेली. पहिल्या तारखेला काका पुन्हा पिंजऱ्यात उभा राहिला. दंडाधिकाऱ्यांनी आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, गुन्हा कबूल आहे का? तो म्हणाला, ‘नाही.’ त्यांनी तसं लिहून घेतलं आणि साक्षीपुराव्याची पुढची तारीख दिली.